पाच लाख कधी द्यायचेत?

पदव्युत्तर प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतं : "मॅडम, नंबर लागलाय, पण पैशांचं जमणार नाही." कुणाचं एमबीए, कुणाचं एमटेक. वाक्य तेच. म्हणून एका घराची हकिगत लिहिते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत आणि बऱ्याच बैठकांमधलं मोजकंच घेतलं आहे.

मुलगा तासगाव भागातला. घरची दीड एकर द्राक्षबाग, दोन गाई. पुण्यात एमबीएला कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशफेऱ्यांतून, प्रवेश मिळालेला. पहिल्यांदा एकटाच आला आणि म्हणाला, "मला एमबीए करायचंच नाही. गावात काहीतरी बघतो."

"कधीपासून करायचं नाही?"

तो जरा थांबला. "परवापासून."

परवा त्याने मोबाइलवर बेरीज केली होती. वर्षाची फी 1 लाख 40 हजार, इतर शुल्क 15 हजार, राहणं-खाणं महिन्याला साडेनऊ हजार, दहा महिने. दोन वर्षांचे पाच लाख. "घरी हा आकडा सांगितला तर पप्पा बाग विकायला काढतील," तो म्हणाला. नंतर वडील आले. त्यांचं म्हणणं, "पोरालाच नको झालंय. आम्ही जबरदस्ती कशी करायची?"

दोघं एकमेकांना जपत होते, आणि त्या जपण्यातच प्रवेश हातचा जात होता. मी घराला एकत्र बसवून काम करणारी समुपदेशक आहे. पैशाची चिंता एकाच्या डोक्यात नसते, ती दोघांच्या न झालेल्या बोलण्यात असते, असं मी मानते. म्हणून अशा वेळी मी एक प्रश्न हमखास विचारते : "घरखर्च कोण बघतं?" दोघांचं उत्तर एकच आलं : आई. तिला अजून कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या वेळी तिघंही आले. हिशेबाची वही आणा म्हटलं होतं. वही नव्हती, म्हणून त्या माउलीने भिंतीवरचं कालनिर्णय गुंडाळून आणलं होतं. प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने सकाळ-संध्याकाळचं दूध, लिटरमध्ये. दर दहाव्या दिवसाला गोल, कारण डेअरीचं बिल दहा दिवसांनी होतं. मुलाने आपला कागद पुढे सरकवला. वडिलांनी 'पाच लाख' वाचलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. आईने कागद बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं,

"पण हे पाच लाख कधी द्यायचेत?"

कुणालाच बोलता येईना. मलाही नाही. मीसुद्धा त्या बेरजेकडेच बघत होते.

"दोन वर्षांत मिळून," मुलगा म्हणाला.

"मग ह्या महिन्यात किती? पुढच्या महिन्यात किती?"

तिने कालनिर्णय टेबलावर पसरलं. ऑगस्टच्या पानावर फी लिहिली, मग एकेक पान उलटत खानावळ आणि खोलीभाडं. वडील हळूहळू खिडकीकडून वळले. मार्चच्या पानावर त्यांनी स्वतः बोट ठेवलं : "इथं माल जातो. इथं पैसा असतो. ऑक्टोबरात मात्र मागू नका, छाटणी असते." बागेला पैसा कधी लागतो आणि बाग पैसा कधी देते, हे त्या माणसाइतकं कुणाला कळणार? तो क्षण मी विसरणार नाही. ज्याला अर्थसंकल्प म्हणतात तो त्या घरात आधीपासून होता, फक्त मुलाच्या शिक्षणासाठी तो कुणी उघडला नव्हता. चिंता रकमेची कमी आणि तारखांची जास्त होती. तेव्हापासून मी बेरीज आधी मांडू देत नाही, आधी बारा पानं मांडायला लावते.

मग आम्ही मदतीच्या वाटा त्याच पानांवर चढवल्या. हा भाग नीट वाचा. खुल्या प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलाने व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश घेतला, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्म्या शिकवणी शुल्काचा भार शासन घेतं. मुलींसाठी 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गांत त्याच उत्पन्नमर्यादेत शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर दोन्ही हुकतं, आणि दरवर्षी कुणीतरी घाईत ही चूक करतंच. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर करायचे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं आधी तयार ठेवा. ही रक्कम उशिरा येते, म्हणून ती हातात आहे असं धरून चालू नका. महाविद्यालयाने पूर्ण फी मागितली, तर शिष्यवृत्तीचा अर्ज दाखवून लेखी हप्ते मागा. मागायला लाजू नका.

ह्या मुलाची फी दोन वर्षांत 1 लाख 40 हजारांनी कमी झाली. उरले 3 लाख 60 हजार. त्यात दीड लाखाचं शैक्षणिक कर्ज घ्यायचं ठरलं, तेव्हा वडील एकदम म्हणाले, "सातबाऱ्यावर बोजा चढवणार नाही." खरी भीती इथे होती. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे मी सांगितलं. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात, हेही. सातबारा सुरक्षित आहे म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा मुलाच्या विषयांची चौकशी केली.

उरलेले 2 लाख 10 हजार आईने जुळवले. गाईंचा खर्च वजा जाता दुधाचे महिन्याला सहा हजार, म्हणजे वीस महिन्यांचे 1 लाख 20 हजार. बाकी 90 हजार, दर मार्चला द्राक्षांतून 45 हजार. पहिला माल निघेपर्यंतच्या खर्चासाठी तिने दीड हजाराच्या भिशीतला आपला नंबर बायकांना सांगून गणपतीच्या आधी ओढून घेतला. हा शेवटचा तोडगा मला सुचलाच नसता.

मुलगा गेला पुण्याला. महाडीबीटीचा अर्ज दुसऱ्या वर्षी नव्याने भरावा लागतो, हे मी त्याला निघताना दोनदा बजावलं होतं, तरी तो विसरलाच. मुदतीच्या आठ दिवस आधी त्याला घरून फोन गेला. नव्या कालनिर्णयावर त्या तारखेभोवती आईने दुधाच्या बिलासारखाच गोल करून ठेवला होता.