पूर्वीसारखं कधी होणार?

"मॅडम, पूर्वीसारखं कधी होणार?" वसईत समुपदेशन करताना हा प्रश्न मी सतत ऐकते. गुडघा गेलेला खेळाडू विचारतो, निवृत्त शिक्षक विचारतात, मुलं परदेशी गेलेली आई विचारते. बहुतेक जण नेमाने चर्चला जाणारे, म्हणून पुढचं वाक्यही ठरलेलं: "माझीच श्रद्धा कमी पडते का?" मला त्या दुसऱ्या प्रश्नाची जास्त काळजी वाटते.

रॉबिन (नाव बदललं आहे) २४ वर्षांचा फुटबॉलपटू. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, वर्षभर व्यायाम झाला. चालणं, जिना चढणं सगळं ठीक, पण धावताना वळला की गुडघा निसटायचा. डॉक्टरांनी स्पर्धा बंद करायला सांगितल्या. तेव्हापासून तो मैदानाजवळचा रस्ता टाळून वळसा घालून स्टेशनला जायचा.

"सगळे म्हणतात, देवाची इच्छा म्हणून स्वीकार."

"आणि तुला काय म्हणायचंय?"

"मला ओरडायचंय."

"मग ओरड."

"देवावर?"

मी त्याला बायबलमधली स्तोत्रसंहिता, म्हणजे देवाला गायलेल्या स्तोत्रांचं पुस्तक, उघडायला सांगितली. १५० स्तोत्रांत किती विलाप आहेत, बघ म्हटलं. येशूने अटकेच्या रात्री गेथशेमानी बागेत, हे दुःख टळावं म्हणून, तीनदा तीच प्रार्थना केली. शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारी एक व्यथा, निघावी म्हणून येशूचा प्रेषित पौलानेही तीनदा विनवलं. दोघांनाही मागितलं ते मिळालं नाही, तरी त्यांची श्रद्धा कमी होती असं कुणी म्हणत नाही. माझं ठाम मत आहे की दुःखाला पुरेशी जागा न देता केलेला स्वीकार टिकत नाही. जखम न धुता बांधलेल्या पट्टीसारखा तो आतून चिघळतो.

सहाव्या भेटीत तो सहज बोलून गेला, "ऑपरेशननंतर कामावर जाण्याआधी बाबा रोज माझ्या गुडघ्याला पट्टा बांधायचे. मला इतकी लाज वाटायची."

मला योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय आठवला. तिबिर्या सरोवराच्या किनाऱ्यावर न्याहारीनंतर येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, सांगतो, की तरुण असताना तू स्वतः कंबर बांधून हवं तिकडे जायचास, म्हातारपणी दुसरा कुणी तुझी कंबर बांधेल आणि नको तिथे तुला नेईल. मी तो उतारा वाचला.

"हे तर पेत्राच्या मरणाबद्दल आहे ना?"

"हो. पण लगेच पुढे येशू काय म्हणतो?"

त्याने स्वतःच वाचलं. "माझ्यामागे ये."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मीही मध्ये बोलले नाही. इतक्या वर्षांत मी काही कमावलं असेल, तर हे गप्प बसणं. मग त्याचे डोळे भरून आले. "मी बाबांना एकदाही थँक्यू म्हटलं नाही."

पाच भेटी मी फुटबॉलबद्दल बोलत होते. त्याला खरं जड जात होतं ते दुसऱ्याच्या हातून बांधून घेणं.

पुढे त्याला एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूबद्दल सांगितलं. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवार हा देवाचा दिवस, त्या दिवशी पळायचं नाही म्हणून त्याने १०० मीटर सोडली आणि ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. नंतर तो चीनमध्ये मिशनरी झाला. युद्धात जपान्यांच्या छावणीत अडकला असताना, तिथली मुलं रविवारी हॉकी खेळताना भांडत म्हणून तोच पंच झाला. १९४५ साली तिथेच वारला. "रविवार न मोडणारा हाच?" रॉबिनने दोनदा विचारलं.

पालकांना माझं सांगणं आहे, पहिले काही महिने "दुसरं काहीतरी शोध" म्हणू नका. मुलाला चिडू द्या. प्रार्थनेसाठी त्याच्यासोबत बसा, पण प्रार्थनेतून त्याला उपदेश करू नका. झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर मात्र लगेच मानसोपचारतज्ज्ञ गाठा. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे अविश्वास नव्हे.

रॉबिन आता मैदानावरूनच स्टेशनला जातो. रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) लहान मुलांच्या सामन्यात शिट्टी घेऊन उभा असतो. पट्टा स्वतः बांधतो. पावसाळ्यात गुडघा दुखला की बाबांना हाक मारतो.