आक्रमक डेक घेऊन पहिल्या स्पर्धेत उतरताना

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धेत आक्रमक डेक (झटपट हल्ला करणारा पत्त्यांचा संच) खेळणे सोपे असते, हा समज बहुधा पहिल्याच फेरीत दूर होतो. प्रतिस्पर्ध्याचे २० लाइफ (जीवनगुण) त्याचा डाव जमण्याआधीच संपवायचे असल्याने, सुरुवातीला झालेली चूक भरून काढायला पुढे वेळ उरत नाही. ६० पत्त्यांच्या डेकमध्ये २० लँड (मान, म्हणजे पत्ते खेळायला लागणारी ऊर्जा, देणारे पत्ते) ठेवल्यास पहिल्या ७ पत्त्यांत सरासरी दोनहून थोडे अधिक लँड येतात आणि तेवढे पुरतात. मात्र पहिल्या दोन टर्नमध्ये काहीच उतरवता येणार नाही असा हात, त्यात कितीही बलाढ्य पत्ते असले तरी, बदलून घ्यावा.

खरा कस लागतो तो लाइटनिंग बोल्ट हातात असताना. एका मानात ३ डॅमेज करणारा हा पत्ता समोरच्या क्रीचरवर (लढणाऱ्या प्राण्याच्या पत्त्यावर) खर्चावा की थेट खेळाडूवर? माझा ठोकताळा असा, की ब्लॉकर (आपला हल्ला अडवणारा क्रीचर) मारल्यामुळे पुढच्या दोन हल्ल्यांत मिळून ३ पेक्षा जास्त डॅमेज पोहोचणार असेल, तरच तो ब्लॉकरवर टाकावा. समोर कंट्रोल डेक (आपले पत्ते निकामी करत खेळ लांबवणारा) असेल आणि उतरवलेले क्रीचर गेम संपवण्यास पुरेसे असतील, तर उरलेले हातातच राखावेत, कारण राथ ऑफ गॉडसारखा चार मानांचा एकच पत्ता सगळे क्रीचर नष्ट करतो. (हे मी बरेच सामने हरून शिकलो.)

साइडबोर्डमध्ये (सामन्यातील दोन गेमांच्या मधे डेकमध्ये बदलून घ्यायच्या राखीव संचात) १५ पत्ते असले, तरी तीन-चारपेक्षा जास्त बदलल्यास डेकचा वेग हरवतो.