विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहासाठी देणगीत आलेलं सगळंच घ्यावं का, आणि घेतलेलं कसं जपावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ग्रंथपाल आहात, सिनेमाच्या तांत्रिक बाजूशी कधी संबंध आलेला नाही आणि आता चित्रपट अभ्यास विभागाचा संग्रह तुमच्याकडे सोपवलाय. एका दिवंगत अभ्यासकाच्या घरचे लोक फिल्मचे दीडशे डबे, दोन कपाटं कागदपत्रं आणि खोकाभर व्हिडिओ कॅसेटी द्यायला तयार आहेत. विभागप्रमुख म्हणतात, ‘सगळं घेऊन टाका, स्कॅन करू, मग मूळ ठेवायची गरजच नाही.’ तर काय करावं?

आधी एवढंच सांगते, की गाडी पाठवू नका. असा एक संग्रह मी बरीच वर्षं सांभाळते आहे आणि माझ्या मोठ्या चुका जपण्यातल्या कमी, घेण्यातल्या जास्त होत्या. पुस्तक एकदा कपाटात ठेवलं की निमूट बसतं. फिल्म तशी बसत नाही. ती दारातून आत आली की जागा, थंडावा, वीज आणि कुणाच्या तरी कामाचे तास मागत राहते.

आम्ही एकदा असंच एक घर रिकामं होताना सगळं उचललं होतं. देणाऱ्यांना घाई होती आणि आम्हाला हाव सुटली होती. डबे सरळ मुख्य साठवणखोलीत नेऊन रचले. आठवडाभरात दार उघडलं की नाकात आंबूस झिणझिण्या यायला लागल्या. चाळीसेक रिळांना व्हिनेगर सिंड्रोम झाला होता. अ‍ॅसिटेटच्या (हे फिल्मच्या पट्टीचं एक प्लॅस्टिक) पट्टीवर उष्णता आणि ओलावा यांचा मारा होत राहिला की तिच्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं, आणि सुटलेलं आम्लच पुढची झीज आणखी वेगाने घडवतं. पट्टी आकसते, वेडीवाकडी होते, ठिसूळ होते आणि शेवटी तिच्यावरचा चित्राचा थर सुटून येतो. त्यातून त्या वाफा बंद खोलीत शेजारच्या धडधाकट रिळांनाही बाधतात. तेव्हापासून आमच्याकडे येणारी प्रत्येक गोष्ट आधी वेगळ्या खोलीत राहते आणि तपासल्याशिवाय आत जात नाही. तुमच्याकडे अशी खोली नसेल तर देणगीच्या आधी खोली मिळवा.

म्हणून सामान तिथे असतानाच, त्यांच्या घरी जाऊन बघा. पहिला प्रश्न, पट्टी कशाची आहे? ३५ मिमी फिल्म १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नायट्रेट या ज्वालाग्राही प्लॅस्टिकवर निघत होती. पेटली तर नायट्रेट विझत नाही, कारण जळताना लागणारा ऑक्सिजन ती स्वतःच पुरवते. ती पाण्याखालीही जळते. सडत आलेली असेल तर चाळीसेक अंशांच्या सततच्या उष्णतेत आपोआपही पेट घेऊ शकते. कडेला ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ (म्हणजे सहज पेट न घेणारी) असं छापलेलं सापडतं, पण एकट्या त्यावर विसंबू नका. सेफ्टी फिल्मवर काढलेल्या प्रतीत मूळ नायट्रेटच्या कडेची अक्षरंही उमटलेली असू शकतात. पिवळट, चिकट, तपकिरी भुकटी धरलेलं ३५ मिमीचं जुनं रीळ दिसलं तर डबा बंद करा, हलवू नका आणि नायट्रेट ठेवण्याची परवानगी व तशी कोठारं असलेल्या अभिलेखागाराशी बोला. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं ते काम नाही. १६ मिमीच्या बाबतीत मात्र निश्चिंत राहायला हरकत नाही. १९२३ साली ती बाजारात आली तीच घरगुती वापरासाठी सेफ्टी फिल्मवर. अभ्यासकांच्या घरात बहुधा तीच असते.

अ‍ॅसिटेट की पॉलिएस्टर हे ओळखायची सोपी खूण म्हणजे गुंडाळलेलं रीळ दिव्यासमोर आडवं धरून कडेने बघणं. पॉलिएस्टरमधून उजेड झिरपतो, अ‍ॅसिटेट अपारदर्शक दिसते. पॉलिएस्टरला व्हिनेगर सिंड्रोम होत नाही. ती फाटतही नाही, आणि हेच कधी अंगाशी येतं, कारण अडकली तर पट्टी तुटायच्या आधी यंत्र मोडतं.

कडेवरच्या खुणांवरून रिळाचं वय काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. कोडॅकच्या जुन्या फिल्मवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी वर्षाची खूण असते, पण ती दर वीस वर्षांनी फिरून येते. १९२५ची खूण १९४५ आणि १९६५लाही तीच. शिवाय ती कच्ची फिल्म कधी तयार झाली ते सांगते, चित्रण कधी झालं ते नाही. एका संशोधकाने आमच्याच नोंदीवर भरवसा ठेवून एका माहितीपटाचं साल वीस वर्षं मागे नेलं होतं. नोंद मी केली होती.

रंगीत प्रतींचं वेगळं दुखणं. १९५०च्या सुमाराला आलेल्या ईस्टमनकलर पद्धतीच्या जुन्या प्रतींमधला निळा आणि पिवळा रंग आधी उडतो आणि सगळं चित्र गुलाबी होऊन बसतं. उडालेला रंग त्या फिल्मवर परत येत नाही, फक्त थंडीत ठेवून पुढची झीज रोखता येते. म्हणून गुलाबी प्रत घ्यायच्या आधी तोच चित्रपट चांगल्या अवस्थेत दुसऱ्या अभिलेखागारात आहे का ते विचारा. असेल तर तुमच्या कपाटातली जागा दुसऱ्या कशाला तरी द्या. याउलट हौशी मंडळींनी घरी चित्रित केलेली रिळं, न वापरलेले तुकडे, विद्यार्थ्यांचे पदविकेचे चित्रपट यांची बहुतेक वेळा एकच प्रत अस्तित्वात असते. गाजलेल्या चित्रपटाच्या ओरखडलेल्या प्रिंटपेक्षा मी ते आधी घेते. विभागातल्या प्राध्यापकांना हे पटवणं सोपं नसतं, हेही सांगून ठेवते.

आता कागद. देणगीपत्रावर सही झाल्याशिवाय एकही डबा आत घेऊ नका. रीळ तुमच्या मालकीचं होणं आणि त्यातल्या चित्रपटाचा कॉपीराइट तुमचा होणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी बहुतेक वेळा देणाऱ्याच्याही हातात नसते. पत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: वस्तूची मालकी पूर्ण आमच्याकडे आली, जतनासाठी नक्कल आणि स्कॅन करायला परवानगी आहे, नको असलेलं आम्ही दुसऱ्या संस्थेला देऊ किंवा काढून टाकू शकतो, आणि खासगी पत्रांवर काही बंधन असेल तर ते किती वर्षांचं. सह्या सगळ्या वारसांच्या घ्या. ‘सध्या ठेवून घ्या, नंतर बघू’ अशी ठेव कधी स्वीकारू नका. आम्ही एका ठेवीवर तीन वर्षं खर्च केला, साफ केली, डबे बदलले, सूची केली. मग घरच्यांचं मन बदललं आणि सगळं चकचकीत अवस्थेत परत गेलं. देणगीची किंमतही तुम्ही ठरवून देऊ नका, ते त्रयस्थ मूल्यमापकाचं काम.

तपासणीसाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. हाताने फिरवायची दोन रिवाइंड चाकं, खालून उजेड येणारं टेबल, भिंग, स्वच्छ हातमोजे. प्रोजेक्टरवर मात्र चढवू नका. एकमेव प्रत असेल तर कधीच नाही. आकुंचन मोजा. ०.८ टक्क्याच्या पुढे गेलेली पट्टी यंत्राच्या दात्यांवर नीट बसत नाही आणि फाटते. डब्यावरच्या नावावर विश्वास ठेवू नका, सुरुवातीच्या आणि शेवटच्या चौकटी डोळ्यांनी बघा. लांबी फुटांत मोजून लिहा. १६ मिमीच्या ४०० फुटांच्या रिळात साधारण ११ मिनिटं असतात, ३५ मिमीच्या १००० फुटांतही तेवढीच. एकाच चित्रपटाची एक प्रत १३२ मिनिटांची आणि दुसरी ११८ची निघाली तर ती ‘दुसरी प्रत’ नाही, ती दुसरी आवृत्ती आहे, आणि संशोधकाला नेमकी तीच हवी असते. नोंदीत कृती, आवृत्ती आणि प्रत या पायऱ्या वेगळ्या ठेवा. चित्रपट अभिलेखागारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे फियाफ, त्याच्या २०१६च्या सूचीकरण पुस्तिकेत अशीच विभागणी आहे. ग्रंथालयाच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती ओढूनताणून बसवावी लागते, पण बसते.

गंजलेले डबे टाका, हवा खेळती राहील असे प्लॅस्टिकचे डबे आणा, रिळं आडवी ठेवा. ध्वनीची चुंबकीय पट्टी वेगळी काढून ठेवा, कारण तिच्यातलं लोह अ‍ॅसिटेटची झीज वाढवतं. आणि थंडावा. अ‍ॅसिटेट फिल्म २१ अंशांच्या आसपास आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवली तर साधारण चाळीसेक वर्षांत सडायला लागते, आणि तापमान दर पाच-सहा अंशांनी उतरवत गेलात की ही मुदत जवळजवळ दुप्पट होत जाते. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहू द्या, ६०च्या वर बुरशी आलीच. शीतकोठार बांधायला पैसे नसतील तर निराश होऊ नका. लहान संग्रह साध्या फ्रीजरमध्येही सुरक्षित राहतो, मात्र प्रत्येक डबा ओलावा न शिरणाऱ्या दोन पिशव्यांत सीलबंद करून आणि आत आर्द्रता दाखवणारं कार्ड ठेवून. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर थंड पट्टीवर दंव धरतं. आमच्या एका उत्साही मदतनिसाने वाचक ताटकळलाय म्हणून पिशवी लगेच फाडली होती. ते रीळ आम्ही वाचवलं, पण त्या दिवशीचा माझा आवाज अजून खोलीत घुमतोय म्हणतात.

विभागप्रमुखांना सर्वांत न पटणारी गोष्ट पुढची. स्कॅनिंगचा पहिला पैसा फिल्मवर नाही, त्या खोकाभर कॅसेटींवर घाला. चांगल्या अवस्थेतली फिल्म थंडीत आणखी काही दशकं थांबू शकते. व्हिडिओ टेप थांबत नाही. तिचा लेप चिकट होऊन सुटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे ती वाचणारी यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हात संपत चाललेत. यू-मॅटिक ही व्हिडिओ कॅसेट १९७१ची, आज तिचं चालू यंत्र शोधून दाखवा. व्हीएचएसची नवी यंत्रं बनवणारी शेवटची कंपनीही २०१६ साली थांबली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी अभिलेखागाराने २०१५ सालीच इशारा दिला होता, की २०२५पर्यंत ज्या टेपचं डिजिटल रूपांतर झालं नसेल, त्यातल्या बहुतेक कायमच्या जातील. ते साल येऊन ठेपलं आणि खोकी अजून आहेत तिथेच आहेत.

‘स्कॅन करू’ म्हणणाऱ्यांना एक हिशोब दाखवा. पूर्ण चौकटीचं ४के स्कॅन, १० बिट डीपीएक्स (यात प्रत्येक चौकटीची वेगळी फाईल होते), म्हणजे एका चौकटीला सुमारे ५१ एमबी. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ७३ जीबीच्या घरात. शंभर मिनिटांच्या एका चित्रपटाला सात टीबीहून जास्त. त्याच्या किमान दोन प्रती एलटीओ टेपवर (डेटा साठवायची चुंबकीय टेप), त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. शिवाय दर वर्षी चेकसम (फाईल बिघडलेली नाही हे पडताळायचा आकडा) जुळवून बघणं आणि काही वर्षांनी सगळं नव्या पिढीच्या टेपवर हलवणं. एफएफव्ही१सारखं नुकसान न करणारं संक्षेपण वापरलं तर जागा बरीच वाचते, पण फायलींची राखण काही सुटत नाही. बाहेरची हार्डडिस्क कपाटात ठेवून ‘डिजिटल झालं’ म्हणू नका. आणि मूळ फेकू नका. आज केलेल्या स्कॅनमध्ये काय सुटलं हे उद्याच्या स्कॅनरला कळतं, तेव्हा हातात पट्टी लागते.

ती दोन कपाटं कागदपत्रं? ती डोळे मिटून घ्या. आमच्या वाचनकक्षात लोक सर्वांत जास्त मागतात ते हेच: पटकथांचे खर्डे, चित्रीकरणाची वेळापत्रकं, खर्चाचे तक्ते, सेन्सॉरशी झालेला पत्रव्यवहार, सेटवरची छायाचित्रं. एकाच पटकथेच्या दोन प्रती म्हणून एक मी जवळजवळ काढून टाकली होती. शेवटच्या क्षणी पानं उलटली तर समासात पेन्सिलीने प्रत्येक शॉटची वेळ आणि कोणता टेक ठेवला ते लिहिलेलं. आता मी एकही ‘दुसरी प्रत’ न उघडता टाकत नाही. देणाऱ्याने ज्या क्रमाने फायली लावल्यात तो क्रम मोडू नका, क्रमसुद्धा माहिती असते. छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह मात्र वेगळ्या काढून तपासा, त्यातही नायट्रेट निघू शकतं.

विभाग नवे चित्रपट मागेल तेव्हा आणखी एक फेरा लक्षात असू द्या. ऑनलाइन दाखवण्याचा संस्थात्मक परवाना घेतलात तर तो ठरावीक वर्षांचा असतो, मुदत संपली की चित्रपट तुमच्या सूचीतून नाहीसा. मी शक्य तिथे डिस्क विकत घेते आणि वर्गात दाखवण्याचे हक्क वेगळे विचारून लेखी मागवते. वैयक्तिक खात्याचं सदस्यत्व वर्गात चालवायला सांगतील, त्याला सरळ नाही म्हणा.

त्या घरी जाताना अ‍ॅसिड मोजणाऱ्या एडी नावाच्या कागदी पट्ट्या घेऊन जा. दर दहा डब्यांमागे एका डब्यात पट्टी ठेवून झाकण लावा आणि दुसऱ्या दिवशी परत या. निळी राहिली तर ठीक, हिरवट म्हणजे सडणं सुरू झालंय, पिवळी म्हणजे वेगळं काढायचं आणि आधी त्याचंच स्कॅन करायचं. घरच्यांना दोनदा येण्याची परवानगी आधीच मागून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दार उघडायला कुणी नसतं.