मॅडम, मेंदूतलं केमिकल रक्तात मोजता येतं का?

शिरोलीच्या एका फौंड्रीतले सुपरवायझर बायकोबरोबर आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). बाई सांगत होत्या, "रविवारी तांबडा-पांढरा केला तरी दोन घास खाऊन उठत्यात. पहाटे तीनला जागं व्हायचं आणि आढ्याकडं बघत पडायचं." नवऱ्याचा स्वतःचा प्रश्न वेगळाच. मोबाइलवर वाचलेलं, मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं केमिकल कमी झालं की असं होतं. "लॅबमध्ये तपासून घेतो, कमी असलं तर भरून काढू. पण गोळ्या जन्मभर नकोत."

हे मला बरेच जण विचारतात. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं आणि ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून रक्तातल्या आकड्यावरून मनाचं काही कळत नाही. शिवाय 'सेरोटोनिन कमी म्हणून उदासी' इतकं सरळ गणित संशोधनातून सिद्ध झालेलं नाही.

मग झोप, भूक आणि मन एकदम का बिघडतं? सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायनं वापरून निरोप पाठवणाऱ्या पेशी मेंदूच्या बुडाशी असतात, पण त्यांचे तंतू झोप, भूक, भावना सांभाळणाऱ्या सगळ्या भागांत पसरलेले असतात. झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिनही सेरोटोनिनपासूनच बनतं, आणि रात्रपाळीच्या उजेडात ते दबतं. या सुपरवायझरांची कामाची पाळी दर आठवड्याला बदलायची. वर घराचं कर्ज, ते तिसऱ्या भेटीत निघालं. 'केमिकल' म्हटलं की कुणाला बोल लागत नाही, म्हणून तो शब्द लोकांना सोयीचा वाटतो; पण कर्ज त्याच्याआड लपतं.

गोळ्या देणं माझं काम नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून उदासीवरची गोळी सुरू केली. या गोळीची नशा लागत नाही, मात्र ती एकदम तोडली तर चक्कर, बेचैनी होऊ शकते. पाळी बदलून घेतली, दुपारनंतरचा चहा बंद केला.

काही आठवड्यांनी बाई खूश: जेवण सुधारलं, झोप पाचपर्यंत. ते मात्र म्हणाले, "मन अजून लागत नाही." बऱ्याच जणांत झोप-भूक आधी परतते, मन मागून येतं, हे मी समजावलं. पुढं बरं वाटू लागताच गोळी सोडायचं विचारलं. बरं वाटल्यावरही ती साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात, आणि थांबवायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. तारीख घेऊन त्यांना तिकडंच पाठवलं.