‘लबाड नको बोलू माय!’

प्रश्न : माझं माहेर रत्नागिरीकडचं, सासर खानदेशातलं, शिरपूर तालुक्यातलं. घरात पुरणाच्या मांड्यांचा बेत होता, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मलाही खापरावर मांडा टाकता येतो. त्यावर सासूबाई चार बायकांसमोर म्हणाल्या, ‘लबाड नको बोलू माय!’ सगळ्या हसल्या, मला मात्र ते लागलं. आमच्याकडे लबाड म्हणजे लुच्चा, धूर्त. यजमान म्हणतात, इथे त्याचा अर्थ नुसता ‘खोटं’. हे खरं आहे का? आणि हा शब्द आला कुठून? – एक वाचक

उत्तर : यजमानांना शंभरपैकी शंभर गुण. सासूबाईंनी तुम्हाला लबाड म्हटलेलंच नाही, तुमच्या वाक्याला म्हटलंय. आणि खरं सांगू का, पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि न फाटता उलट्या खापरावर टाकायचा, हे रत्नागिरीच्या मुलीला येतं असं कोणी सांगितलं असतं, तर मीही तेच म्हणालो असतो.

गंमत व्याकरणात आहे. ‘खरा’चं खरी, खरं होतं, ‘लबाड’चं काहीच होत नाही. लबाड माणूस, लबाड बाई, लबाड पोर. त्यामुळे ‘लबाड बोलू नको’ हे वाक्य कोकणातल्या कानाला ‘अगं लबाडे, बोलू नकोस’ असं ऐकू येतं. खानदेशी कान मात्र ते ‘खोटं बोलू नको’च्या साच्यात बसवतो. अहिराणीत, म्हणजे खानदेशच्या बोलीत, ‘तो लबाड बोली ऱ्हायना’ म्हणजे तो खोटं बोलतोय, आणि ‘हाई लबाड शे’ म्हणजे हे खरं नाही. मराठवाड्यातही ‘लबाड बोलणं’ सर्रास ऐकू येतं, तेव्हा हा एकट्या तुमच्या सासरचा प्रकार समजू नका.

आमच्या धुळ्याच्या बाजारात भरताच्या वांग्यांच्या दिवसांत हे रोज कानावर पडतं. विकणारा म्हणतो, वांगी बामणोदची आहेत. यावल तालुक्यातल्या बामणोदच्या वांग्यांचं नाव मोठं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. गिऱ्हाईक वांगं हातात घेऊन जोखतं, देठ बघतं आणि म्हणतं, ‘लबाड नको बोलू भाऊ.’ विकणारा रागावत नाही. उलट दोन वांगी जास्त टाकतो. पुण्यातल्या भाजीवाल्याला तोंडावर लबाड म्हणून बघा, काय होतं ते.

आता, यातला जुना अर्थ कोणता? माझं मत स्पष्ट आहे : खोटेपणाचा. धूर्तपणा मागाहून चिकटला. पुरावा तुमच्याही माहेरच्या भाषेत आहे. ‘लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही’ ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. निवडणुका आल्या की पुढारी एकमेकांवर फेकतात. आवतण म्हणजे जेवणाचं आमंत्रण. इथला लबाड धूर्त असून भागत नाही, तो खोटं बोलणाराच हवा, नाहीतर म्हणीत जीव राहत नाही. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही लबाड म्हणजे खोटं बोलणारा असा अर्थ दिलेला आहे. शेजारी गुजरातीत लबाड आहे, हिंदीत लबार. रामचरितमानसात, म्हणजे सोळाव्या शतकात, रावण अंगदाला म्हणतो, ‘मिलि तपसिन्ह तैं भएसि लबारा’ : त्या तापसांच्या नादी लागून तू खोटं बोलायला लागलास. तुझ्या बापानं, वालीनं, कधी अशा बढाया मारल्या नाहीत, हे तो आधी ऐकवतो. म्हणजे तिथेही तक्रार बोलण्याबद्दलच.

मग धूर्तपणा कुठून आला? वर्तमानपत्रातली चोरीची बातमी वाचा. ‘फिर्यादीची मोटारसायकल संमतीवाचून लबाडीच्या इराद्याने चोरून नेली.’ भारतीय दंड संहितेच्या ३७८ व्या कलमातली चोरीची व्याख्या पोलिसी मराठीत अशी मुरली आहे. १ जुलै २०२४ पासून ते कलम न्याय संहितेत ३०३ झालं, तरी भाषा तीच चालू आहे. त्या चोरानं तोंडातून एक अक्षर काढलेलं नाही, तरी त्याचा इरादा लबाडीचा! खोटं बोलणं, मग खोटं वागणं, मग नुसताच मनातला कावा, अशी ही उतरंड. शेवटच्या पायरीवर आई बाळाचा गालगुच्चा घेऊन ‘लबाड कुठला’ म्हणते. खानदेशानं पहिली पायरी सोडली नाही, एवढंच.

व्युत्पत्तीबद्दल मात्र सावध राहा. संस्कृत ‘लपन’ म्हणजे बोलणं, बडबड (आलाप, विलाप, प्रलाप त्याच घराण्यातले). त्यावरून लबार, लबाड आले असं सांगितलं जातं. अर्थ छान जुळतो, पण मला ते पचत नाही. शब्दाच्या मधल्या ‘प’चा आपल्याकडे ‘व’ होतो : दीपचा दिवा, कपाटचं कवाड. त्या हिशेबानं ‘लवाड’ व्हायला हवं होतं. हा ‘ब’ कुठून आला ते कोणी समजावल्याशिवाय मी लपनला आवतण देणार नाही.

खानदेशात ‘खोटं’ शब्द नाही असं नव्हे. पण माझ्या कानाला तो वस्तूंना जास्त लागलेला ऐकू येतो : खोटा रुपया, खोटे मोती, खोटा डाग (म्हणजे दागिना). त्याचं नातं ‘खोट’शी, म्हणजे उणिवेशी. धंद्यात खोट येते तीही हीच. जळगावच्या सराफ बाजारात कमअस्सल सोन्याला हिणकस म्हणतात, हीन कसाचं. ते वेगळं घराणं, पण शेजार चांगला आहे.

पुढच्या वेळी सासूबाई तसं म्हणाल्या तर ‘लबाड नही, खरंच शे’ म्हणा. मांडा मात्र टाकून दाखवावा लागेल.

प्रश्न : ‘लोणकढी थाप’मध्ये लोणी कशाला? – एक विद्यार्थी, चोपडा

उत्तर : लोणी कढवून नुकतंच केलेलं तूप ते लोणकढं. थापही तशीच, समोरच्या समोर कढवलेली, ताजी. गृहपाठाची वही गाईनं खाल्ली हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती लोणकढी होती. तीच वही पुढच्या सोमवारी पुन्हा गाईच्या पोटात गेली, तर तिला नुसती थाप म्हणायचं.