दसरा, संक्रांत की ऑगस्टचा अपघात? ऑटोब्रेकच्या तक्रारीची मुदत

मुलुंडहून एका ताईंचं पत्र आलंय. 2023 च्या दसऱ्याला त्यांनी साडेअठरा लाखांची गाडी घेतली, आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असलेलं टॉप मॉडेल. पुढच्याच संक्रांतीला, म्हणजे 15 जानेवारी 2024 ला, जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांजवळ समोर काहीही नसताना गाडीने स्वतःच करकचून ब्रेक मारला. मग ते अधूनमधून होतच राहिलं. सर्व्हिस सेंटरला तीन फेऱ्या झाल्या, एकदा सॉफ्टवेअर अपडेट झालं, बाकी वेळा ‘गाडीत दोष आढळला नाही’. ऑगस्ट 2025 मध्ये भर पावसात, विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गावर पुन्हा तेच झालं आणि मागचा दुचाकीस्वार येऊन आदळला. त्याचा हात मोडला. ताई विचारतात, ‘अपघात ऑगस्टमधला आहे आणि ग्राहक न्यायालयात जायला दोन वर्षं असतात, म्हणजे 2027 पर्यंत वेळ आहे ना? तोवर कंपनीशी बोलणी चालू ठेवू का?’

नाही, ताई. हे लिहितोय तेव्हा डिसेंबर 2025 चा पहिला आठवडा चालू आहे, आणि माझ्या हिशेबाने तुमच्या हातात जेमतेम सहा आठवडे आहेत.

या यंत्रणेच्या खोट्या ब्रेकबद्दलची पत्रं आता नवी राहिलेली नाहीत. कुणाची गाडी कोस्टल रोडच्या बोगद्यात दचकते, कुणाची वळणावर लावलेल्या रिक्षांना घाबरते. कॅमेरा आणि रडार सावलीला, लोखंडी पत्र्याला किंवा डोक्यावरच्या कमानीला अडथळा समजू शकतात, हे गाड्या बनवणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने एप्रिल 2024 मध्ये या यंत्रणेसाठी नियम केला, त्यात खोट्या ब्रेकची चाचणीच ठेवली आहे. रस्त्यावर टाकलेल्या पोलादी पत्र्यावरून आणि दोन उभ्या गाड्यांच्या मधून गाडी न्यायची, आणि तिने उगाच जोराचा ब्रेक मारता कामा नये. मुंबईचा कुठलाही रस्ता दोन्ही चाचण्या रोज फुकट घेतो! तो नियम इथे लागू नाही, तिथेही 2029 पासून लागेल. पण धोका माहीत होता हे दाखवायला तक्रारीत एक परिच्छेद टाका. त्याहून जास्त जागा त्याला देऊ नका.

तुमचं प्रकरण तंत्रज्ञानावर ठरणार नाही, तारखेवर ठरणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: दाव्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी आयोगाने, म्हणजे तुमच्या ‘ग्राहक न्यायालया’ने, मुदत स्वतःहून तपासायची आहे, हे सुप्रीम कोर्टाने 2009 मध्येच सांगून ठेवलंय. त्यामुळे ‘ते मुदतीचा मुद्दा काढणार नाहीत’ या आशेवर राहू नका.

मग कारण घडलं कधी? कंपनीचा वकील म्हणेल, गाडी ताब्यात दिली त्या दिवशी, म्हणजे 24 ऑक्टोबर 2023 ला. तसं मानलं तर तुमची मुदत यंदाच्या दिवाळीतच संपली. इथे तुमच्या मदतीला येतो तो एप्रिल 2022 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. त्या प्रकरणात गाडी 2015 ला घेतलेली, 2017 च्या अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत आणि कंपनी म्हणत होती की दोन वर्षं खरेदीपासून मोजा. कोर्टाने ऐकलं नाही. एअरबॅग बिघडलेली आहे हे अपघात होईपर्यंत ग्राहकाला कळणार कसं? दोष उघड झाला तेव्हापासून मुदत मोजायची. आदळण्याचा वेग आणि जोर यांचं गणित मांडायला ग्राहक काही पदार्थविज्ञानाचा तज्ज्ञ नसतो, असंही त्याच निकालात म्हटलंय. हे वाक्य तक्रारीत जरूर घ्या.

पण हाच निकाल तुमच्यावर उलटतो आणि तुमचा घोळ इथेच झालाय. एअरबॅगचा दोष अपघातापर्यंत लपलेला होता. तुमच्या गाडीने तिचा दोष संक्रांतीलाच दाखवला. तुम्ही तो ओळखलात आणि चार दिवसांनी, 19 जानेवारीला गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलात. पुढे कंपनीला पाठवलेल्या ई-मेलमध्ये ‘संक्रांतीपासून हा त्रास आहे’ असं स्वतःच्या हाताने लिहिलंत. मग ऑगस्टच्या अपघाताला पहिलं कारण कोण मानेल? दोन वर्षं संक्रांतीपासून धरा. 15 जानेवारी 2026, गुरुवार.

प्रत्येक खोटा ब्रेक हे नवं कारण आहे, कारण सतत चालू आहे, वॉरंटीत दुरुस्तीची आश्वासनं मिळत होती, असे युक्तिवाद करता येतात आणि मीही ते करीन. कलम 69 मध्येच विलंब माफीची सोयही आहे, पुरेसं कारण दाखवलं तर. पण ज्याच्या हातात सहा आठवडे आहेत त्याने विलंब माफीच्या अर्जाचा विचार कशाला करायचा? ‘बोलणी चालू होती’ हे कारण आयोग नेहमीच पुरेसं मानतो असं नाही. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. वकिलाच्या नोटिशीने वाढत नाही, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून वाढत नाही. सर्व्हिस मॅनेजरने व्हॉट्सॲपवर ‘वरती कळवलंय मॅडम’ लिहिलं आणि तुम्ही त्यावर अंगठा दाखवलात, त्याने तर मुळीच वाढत नाही. ग्राहक तक्रारीआधी नोटीस पाठवणं कायद्याने सक्तीचं नाही. पाठवायची तर आज पाठवा, पण तिच्या उत्तरासाठी थांबू नका.

आता 19 जानेवारी 2024 चं जॉब कार्ड. तुम्ही त्याचा फोटो जोडलाय म्हणून मला ते वाचता आलं. तुम्ही सांगितलंत, ‘गाडी आपोआप ब्रेक मारते’. सर्व्हिस ॲडव्हायझरने लिहिलं, ‘ब्रेक चेक करणे’. आणि तुम्ही खाली सही केलीत. गाडी परत घेताना ‘समाधानकारक’ या चौकटीसमोर दुसरी सही. मुंबईत माणूस बिल्डरच्या करारातला चटईक्षेत्राचा आकडा तीनदा वाचतो, पण अठरा लाखांच्या गाडीचं जॉब कार्ड काउंटरवर उभ्या उभ्या, फोनवर बोलत बोलत सही करून देतो. असो. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही सर्व्हिस सेंटरला ई-मेल केला होता, ज्यात खरी तक्रार लिहिली आहे. तो ई-मेल सोन्याचा आहे. जॉब कार्ड आणि तो ई-मेल एकत्रच जोडा, वेगवेगळे नाही.

त्याचं कारण तुमच्या पत्रातल्या एका ओळीत आहे, जी तुम्ही सहज लिहून पुढे गेलात: जून 2024 मध्ये पुढची काच फुटली आणि ती कुर्ल्याला सीएसटी रोडवर बाहेरच्या बाहेर बसवून घेतली. या यंत्रणेचा कॅमेरा त्याच काचेमागे असतो. काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळणी, करावं लागतं. पैसे वाचले असतील, पण कंपनीला बचाव मिळाला. नुकसानीच्या वेळी उत्पादनात फेरफार झालेला असेल तर जबाबदारीतून सुटायची वाट त्याच कायद्याचं कलम 87 विक्रेत्याला देतं, आणि कंपनीही म्हणेल की दोष गाडीत नव्हता, काच लावणाऱ्याच्या हातात होता. याला एकच चोख उत्तर आहे: दोष काच फुटण्याच्या पाच महिने आधी नोंदवलेला आहे. म्हणजे ज्या संक्रांतीमुळे तुमची मुदत लवकर संपते, तीच तुम्हाला काचेच्या आरोपातून वाचवते. दोन्हीकडून फायदा घेता येणार नाही. तक्रार ऑगस्टवर उभी केलीत तर काच तुम्हाला बुडवेल. संक्रांतीवर उभी करा आणि वेळेत दाखल करा.

ऑगस्टवर उभी करू नका याला दुसरंही कारण आहे, आणि ते वाचून मी कपाळाला हात लावला. पोलिसांना आणि विमा कंपनीच्या क्लेम फॉर्मवर तुम्ही लिहिलंत, ‘समोर कुत्रा आला म्हणून ब्रेक मारला’. हवालदाराला सेन्सर कसा समजावणार, म्हणून. अहो, त्याला समजावायचं नव्हतं, फक्त जे घडलं ते लिहायचं होतं. आता कंपनी तो फॉर्म मागवून घेईल आणि तुम्हाला विचारेल: कुत्रा खरा की सेन्सर? आयोगापुढच्या प्रतिज्ञापत्रात खरं काय ते लिहा, आणि कुत्रा का लिहिला हेही तुम्हीच आधी लिहा. समोरच्याने काढल्यावर सांगितलेलं खरं कुणी खरं मानत नाही. विमा कंपनीला दिलेल्या माहितीचं काय करायचं, ते पॉलिसी आणि फॉर्म समोर ठेवूनच तुमच्या वकिलाशी बसून ठरवा. इथे छापील सल्ला देणं धोक्याचं आहे.

आयोग कोणता, याचा तुम्ही पानभर खल केलाय. दिलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, तुम्ही मुलुंडला राहता म्हणून वांद्र्याचा उपनगर जिल्हा आयोग चालेल, शोरूम कुठेही असो. 10 ते 20 लाखांच्या टप्प्यात शुल्क 400 रुपये. ई-जागृती पोर्टलवरून घरी बसून दाखल होतं, फक्त शेवटच्या रात्री बसू नका. उत्पादक आणि विक्रेता दोघांनाही प्रतिवादी करा, दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील तेव्हा ते आयोगासमोर दाखवू देत. गाडी कंपनीच्या नावावर घेतलेले वाचक ‘आम्ही ग्राहक आहोत का’ म्हणून विचारतात. संचालकाच्या वैयक्तिक वापराच्या गाडीबाबत सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये ग्राहकाच्या बाजूने कौल दिलाय. तुमची गाडी तुमच्याच नावावर आहे, तुम्हाला हा प्रश्न नाही.

मागायचं काय? अख्ख्या गाडीचे पैसे परत आणि वर 75 लाख, हे पत्रात ठीक आहे. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने वॉरंटीनुसार सदोष भाग बदलून द्यायचा, पूर्ण गाडी नाही, असा निकाल दिला होता, आणि कंपन्या तो अजून खिशात घेऊन फिरतात. म्हणून पर्यायी मागण्या ठेवा: यंत्रणा बदलून, तपासून, लेखी प्रमाणपत्रासह द्या. ते जमत नसेल तर गाडी बदला किंवा पैसे परत करा. शिवाय त्रास आणि खर्चाची भरपाई. ग्राहक कायद्यातल्या उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीच्या, प्रकरणावर फार भिस्त ठेवू नका. त्या कायद्यात ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं नुकसान वगळलंय, त्यामुळे गाडीपुरतं ‘दोष’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ हेच शब्द कामाचे. पुस्तिकेत ‘काही परिस्थितीत यंत्रणा अनावश्यक ब्रेक लावू शकते’ अशी ओळ असेलच, बहुतेकांत असते. त्या ओळीने प्रत्येक ब्रेक माफ होतो असं मला वाटत नाही, पण आयोग कसं पाहील हे आज सांगता येत नाही.

तज्ज्ञांचा अहवाल लागेल. कलम 38 नुसार आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. तसा अर्ज तक्रारीबरोबरच द्या. एखाद्या वर्षाने सुचलं म्हणून नाही. त्याच वेळी अंतरिम आदेश मागा की गाडीतला आणि कंपनीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसू नये, आणि तोवर नवं सॉफ्टवेअर चढवू नये. तसं पत्र कंपनीला आजच द्या. डॅशकॅमची क्लिप तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलीत, ती पुराव्याला कच्ची आहे. मूळ कार्ड काढून ठेवा, कॅमेऱ्यात नवीन कार्ड घाला. क्लिपसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागेल.

कायदा म्हणतो, चाचणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. हे वाचून हसायला हरकत नाही. तारखा पडतील, एखादा सदस्य निवृत्त होईल आणि जागा रिकामी राहील, अहवाल रेंगाळेल. प्रतिवादीला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15, तेवढ्यावर मात्र अडून बसा. ती मुदत वाढवता येत नाही असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ठरवलंय. आयोग तुम्हाला उशिरा न्याय देईल, पण तुम्हाला उशिरा येऊ देणार नाही.

राहिला तो दुचाकीस्वार. मागून धडकणाऱ्याचीच चूक, हे गृहीत धरू नका. कोइमतूरच्या एका अपघातात बायकोला मळमळलं म्हणून कारचालकाने महामार्गावर अचानक ब्रेक मारला, मागचा दुचाकीस्वार आदळून पडला आणि बसखाली आला. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने कारचालकाची जबाबदारी 50 टक्के ठरवली, बसची 30, दुचाकीस्वाराची स्वतःची 20. ब्रेक तुम्ही मारला नाहीत, गाडीने मारला, हा बचाव मांडता येईल, पण चालेल अशी हमी मी देणार नाही. त्याच्या वकिलाचं पत्र आलंय म्हणता, मग ते आजच्या आज विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. त्याच्याशी रोख तडजोड परस्पर करू नका. अपघात न्यायाधिकरणात तुम्ही जे म्हणाल तेच ग्राहक आयोगात म्हणायचं आहे, म्हणून दोन्हीकडे एकच वकील द्या.

आणि ती यंत्रणा तोवर बंद ठेवा. बऱ्याच गाड्यांत इंजिन पुन्हा चालू केलं की ती आपोआप सुरू होते, तेव्हा निघताना रोज पडद्यावर बघा. बंद का ठेवली ते कंपनीला एका ओळीच्या ई-मेलने कळवून ठेवा.