‘उपगट’ सगळीकडे का चालत नाही

प्रश्न असा आहे: ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या संकुलाचा वार्षिक अहवाल मराठीत लिहायचाय. पाण्याचं काम बघणारे, गणपतीत ढोल वाजवणारे, व्यवस्थापक समितीच्या विरोधात एकत्र आलेले आणि रोज सकाळी बाकांवर गप्पा मारणारे, या सगळ्यांना ‘उपगट’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘उपगट’ हा शब्द कागदावरचा, बोलण्यात तो कुणी वापरत नाही. शिवाय या चौघांत साम्य काहीच नाही. माणसं किती, यावरून मराठी शब्द निवडत नाही. समूह कुणी केला आणि सांगणाऱ्याचं त्याच्याबद्दल मत काय, यावर शब्द ठरतो.

आधी क्रियापद बघा. ‘गट केले’ म्हणजे करणारं कुणीतरी आहे. बाई वर्गात मुलांचे पाच-पाचचे गट करतात. ‘गट पडले’ म्हणजे बिनसलं. ‘गट स्थापन केला’ म्हणजे सह्या झाल्या, नोंद झाली. निवडून आलेले ठाण्याचे नगरसेवक बेलापूरला कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे नोंदवतात तो गटच, आणि त्याचा प्रमुख तो गटनेता. यात कुणाला वावगं वाटत नाही. त्यालाच ‘बाजी’ जोडली की ‘गटबाजी’ होते आणि तोच शब्द आरोप बनतो.

पाण्याचं काम बघणाऱ्यांना सभेने ठराव करून नेमलं असेल तर ‘पाणी उपसमिती’ लिहा. ठराव नसेल तर ‘पाण्याचं काम पाहणारे सदस्य’ एवढंच. नाहीतर पुढच्या सर्वसाधारण सभेत कुणीतरी ठरावाचा क्रमांक मागणार आणि अर्धा तास त्यातच जाणार. ‘उप’ लावायचा तर वर नेमणारी समिती हवी. महापालिकेची 16 सदस्यांची स्थायी समिती किंवा प्रभाग समित्या सभागृहापेक्षा लहान असल्या तरी त्या कायद्यातूनच आलेल्या, म्हणून त्यांना कुणी उपसमिती म्हणत नाही.

ढोलवाल्यांसाठी ‘पथक’ हाच शब्द. गोविंदा पथक, भरारी पथक, अग्निशमन पथक: एका कामासाठी बांधलेलं, स्वतःच्या पायावर उभं. ‘तुकडी’ मात्र मोठ्यातून तोडलेली असते, जशी सातवीची ब तुकडी किंवा बंदोबस्ताला आलेली पोलिसांची तुकडी. तुमच्या पथकातले निम्मे पुढच्या गेटला आणि निम्मे मागच्या गेटला उभे केलेत, तर त्या एकाच पथकाच्या दोन तुकड्या.

खरी गंमत विरोधकांची. ‘कंपू’ मनात येईल, पण लिहू नका. हा मूळचा फौजेतला शब्द. महादजी शिंद्यांनी डी बॉयन या युरोपीय सेनानीकडून उभ्या करवून घेतलेल्या कवायती फौजेला कंपू म्हणत. ‘गोट’ही तसाच छावणीतला, ‘आतल्या गोटातली बातमी’ तिथूनच येते. आज मात्र कंपू म्हटलं की आपापसात वाटून खाणारे, बाहेरच्याला आत न घेणारे, असा वास येतो. ‘मित्रकंपू’त तेवढा तो वास जातो. इतिवृत्तात किंवा अहवालात कंपू छापलात तर ज्यांना म्हटलंय ते लेखी खुलासा मागतील, आणि तो त्यांचा हक्कच आहे. निवडणूक लढवत असतील तर ‘पॅनेल’, नाहीतर ‘काही सदस्यांनी हरकत घेतली’. ‘दोन तट पडले’ हेही टाळा. त्यात उरलेले सगळे दुसऱ्या तटात ढकलले जातात आणि कुंपणावरचे निष्कारण चिडतात.

बाकांवरच्यांचा शब्द तयार आहे: कट्टा. बसायच्या जागेचं नावच बसणाऱ्यांना लागलं. ठाण्याला हे सांगायला नको, आचार्य अत्रे कट्टा सगळ्यांना माहीत आहे. ‘ज्येष्ठांचा कट्टा’ लिहा, कुणी दुखावणार नाही.

‘टोळी’ म्हणजे फक्त दरोडेखोरांची, असं समजून कुणी तो शब्द खोडत असेल तर वाशीच्या बाजारात जाऊन ऐकावं. 1969 च्या कायद्याखाली नोंदलेले माथाडी कामगार टोळीनेच काम करतात, टोळीला मुकादम असतो, आणि ‘आमची टोळी’ म्हणताना कुणी ओशाळत नाही. ऊसतोडीतही टोळीच, तिचा सगळ्यात लहान भाग म्हणजे ‘कोयता’, बहुधा नवरा-बायकोची जोडी. मात्र याच टोळीचं नपुंसकलिंगी ‘टोळकं’ केलं की नाक्यावर उगाच उभी राहणारी पोरं दिसू लागतात. ‘कोंडाळं’ही त्याच तऱ्हेचं, फक्त त्याला मध्ये एक माणूस लागतो: अध्यक्षांभोवतीचं कोंडाळं.

म्हणून छापण्याआधी मसुद्यात ‘टोळकं’, ‘कोंडाळं’, ‘कंपू’ आणि ‘बाजी’ हे चार शब्द शोधा. जिथे सापडतील तिथे नावं किंवा काम लिहा. ‘उपगट’ मग आपोआपच गळून पडेल.